नियाजच्या वाटणीची गोळी

नाशकात पिंजारघाटाच्या उतारावर नजीर पिंजाऱ्याचं घर होतं. पुढच्या खोलीत छताला टांगलेलं पिंजण आणि भिंतीला लागून कापसाचा ढीग. मागे दोन खोल्या, चूल आणि न्हाणी. पिंजायचं काम नजीर आणि त्याचा मुलगा फारुख करत. खोळी शिवणं, कापूस भरणं आणि टाके घालणं हे बायकांचं काम. नजीरची बायको वारल्यावर ते त्याच्या मुलीकडे, हुस्नबानोकडे आलं. घरात तिला बानो म्हणत. तिचा हात चांगला होता. तिच्या टाक्यांच्या ओळी दोरीनं आखल्यासारख्या सरळ जात. देवळाली कॅम्पातल्या दुकानदारांनाही नजीरच्या गाद्या हव्या असत, त्या तिच्या हातामुळेच.

१९३३ सालचा पावसाळा सरला तेव्हा बानो चौदा वर्षांची होती. एका संध्याकाळी तिनं सुया गोळा केल्या, तर एक कमी. तिनं खोली झाडली, चटई झटकली, कापसाचा ढीग उलटापालटा केला. सुई सापडली नाही. त्या दिवशी तीन गाद्या देवळालीला गेल्या होत्या.

"गादीत राहिली असेल तर?" तिनं फारुखला विचारलं.

"राहिली असेल तर कुणाला तरी टोचेल आणि गादी परत येईल. फटीत गेली असेल कुठंतरी. जेव आता."

गादी परत आली नाही. आठवड्याभरात घरातली सगळी माणसं ती सुई विसरली. बानो मात्र विसरू शकली नाही.

आधी ती फक्त चाचपून बघायची. गादी पुरी झाली की दोन्ही तळवे तिच्यावरून फिरवायची, मग उलटवून पुन्हा. मग तेवढ्यानं भागेना. एक कोपरा उसवून आत हात घालून बघू लागली. थंडीचे दिवस आले, लग्नसराई जवळ आली, गिऱ्हाईक दारात उभं राहू लागलं, आणि बानो शिवलेल्या गाद्या उसवत बसलेली. दिवसाला दोन गाद्या करणारी मुलगी तीन दिवसांत एक करू लागली. नजीर आधी रागावला, मग ओरडला, एकदा त्यानं हातही उगारला. ती मान खाली घालून म्हणाली, "अब्बा, एकदाच बघते." पण एकदा कधी होतच नसे.

फारुखची बायको रेहाना त्या वेळी बाळंत झाली होती. मुलाचं नाव नियाज. नणंदेचं काय चाललंय ते तिला दिसत होतं, पण आळशीपणा आहे असंच तिला वाटलं. एक दिवस तिनं विचारलं तेव्हा बानो म्हणाली, "भाभी, माझ्या हातून एखादं लेकरू मरणार आहे." रेहानाला वाटलं, पोर आईवाचून वाढलीय, काहीतरी मनात घेऊन बसलीय. तिनं नवस म्हणून स्वतःच्या पदराला गाठ मारली, दर्ग्यातला धागा आणून मनगटाला बांधला आणि गाद्यांचं काम स्वतःकडे घेतलं. त्याबदल्यात नियाज दिवसभर बानोकडे आला.

त्या काळी काम करणाऱ्या बायकांच्या घरांतून तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. गल्लीतली सुईण कुसाबाई जायफळ घालून मोहरीएवढ्या गोळ्या वळायची. गोळी आईच्या दुधात विरघळवून बोटानं चाटवायची, की मूल दोन-तीन प्रहर निवांत. नियाजलाही तिसऱ्या महिन्यापासून सकाळी एक आणि दुपारी एक गोळी सुरू झाली. ती द्यायचं काम बानोचं.

पहिल्यांदा तिनं नुसतं बोट चाटलं. कडू लागलं. घटकाभरानं तिच्या ध्यानात आलं की आपण सुईचा विचार केलेला नाही. तिनं मुद्दाम करून पाहिला. सुई होती, देवळालीतली ती गादीही होती, पण लांब, दुसऱ्या कुणाच्या तरी घरात असल्यासारखी. कितीतरी महिन्यांनी तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला. ती भिंतीला टेकून बसली आणि मांडीवरच्या नियाजकडे बघत राहिली.

पुढे ती अर्धी गोळी खाऊ लागली, मग एक. त्याच दिवसांत ती पुन्हा शिवायला बसली. गाद्या पूर्वीसारख्या झपाट्यानं होऊ लागल्या. नजीरनं मोठ्या समाधानानं शेजाऱ्याला सांगितलं, "धाग्याचा गुण आला." एका गोळीनं भागेना तेव्हा बानो कुसाबाईकडे गेली आणि भाभीनं मागितल्यात म्हणून गोळ्या आणल्या, बदल्यात ओंजळभर पिंजलेला कापूस दिला. काही महिने असे गेले. मग कुसाबाई लेकीच्या बाळंतपणाला सिन्नरकडे गेली आणि गोळ्या मिळेनाशा झाल्या. घरात होत्या तेवढ्या नियाजच्या.

नियाज रडू लागला. साधं रडणं नव्हे, किंचाळणं. त्याला शिंका येत, जांभया येत, नाक गळे, हातपाय थरथरत. पाण्यासारखी शी होई, दूध पोटात ठरेना. चार दिवस रेहानानं ओवा, बाळंतशोप, नजर उतरवणं सगळं केलं. पाचव्या दिवशी तिनं नवऱ्याला न विचारता मूल उचललं आणि मेन रोडच्या मागे असलेल्या वत्सलाबाईंच्या दवाखान्यात गेली.

वत्सलाबाई डॉक्टरीण होत्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मुलाचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं.

"अफू देता का याला?"

"देतो. सगळेच देतात."

"किती?"

"सकाळी एक, दुपारी एक."

"मिळत नाहीये त्याला," वत्सलाबाई म्हणाल्या. "अफूची सवय झालेल्या माणसाची अफू एकदम तोडली की असं होतं. मोठ्यांचं मी पुष्कळ पाहिलंय. गोळी देतं कोण?"

"माझी नणंद."

"वय काय तिचं?"

"पंधरा."

वत्सलाबाईंनी बाटलीत औषध भरून दिलं, रोज किती थेंब कमी करायचे ते तीनदा समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, "घरी जाऊन नणंदेचे डोळे बघ. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा दिसला तर तिलाही घेऊन ये."

रेहाना घरी आली तेव्हा बानो दाराशी बसून नाक खाजवत होती. रेहानानं तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. मग तिच्या थोबाडीत मारली.

"माझ्या लेकराच्या तोंडची काढून खाल्लीस?"

"हो," बानो म्हणाली. तिनं गाल धरला नाही, रडलीही नाही. "तो रडायचा तेव्हा कानात कापूस घालून बसायचे. मला माहीत होतं तो का रडतो."

हे ऐकून रेहानाला आणखी राग आला. तो पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

वत्सलाबाईंकडे न्यायची गोष्ट नजीरनं उडवून लावली. पोरीचं नाव दवाखान्यात गेलं की गावभर होईल, असं त्याचं म्हणणं. त्यानं तिला मागच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी लावली. सहा दिवस. उलट्या, जुलाब, पायांत गोळे, अंगावर सारखा काटा. रेहाना पाणी आणि पेज घेऊन आत जायची. राग होताच, पण दुसऱ्या दिवशी बानोनं तिचे पाय धरले तेव्हा रेहाना तिथंच बसून राहिली आणि तिच्या पोटऱ्या दाबत राहिली. सातव्या दिवशी बानो उठली, आंघोळ केली, भाकरी खाल्ली. नजीरनं शिरा करवून गल्लीत वाटला. सुटली पोर, असं सगळ्यांना वाटलं. नियाजही तोवर निम्म्या थेंबांवर आला होता आणि हसू लागला होता.

सुई परत यायला पंधरा दिवस लागले.

ह्या वेळी ती आधीपेक्षा जोरात आली. आता नुसत्या हातातल्या गाद्या नव्हत्या. अफूच्या भरात महिनोन्‌महिने न तपासता शिवलेली प्रत्येक गादी बानोला आठवू लागली. कुणाची, कुठली, कुठल्या पट्ट्यांची खोळ. त्यातली एक गंगापूर रोडवरच्या एका निवृत्त मामलेदारांकडे गेली होती. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, तिच्यासाठी.

एका दुपारी बानो कुणाला न सांगता निघाली. ओढणी डोक्यावरून घेऊन, शिवणाची कात्री कमरेला खोचून ती ऊन टळलं नव्हतं तरी गावाबाहेर चालत गेली. बंगल्याचं फाटक उघडं होतं. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या फुलाबाईला तिनं सांगितलं, "नजीर पिंजाऱ्याची मुलगी. गादीचा टाका राहिलाय." फुलाबाईनं खोली दाखवली. लोखंडी पलंगावर ती गादी होती. तिच्यावर अजून कुणी निजलं नव्हतं.

मामलेदारांची बायको आली तेव्हा अर्धी खोली कापसानं भरली होती. बानो मधोमध गुडघ्यांवर बसून कापसाचा एकेक पुंजका बोटांनी पिंजत होती.

"अगं, हे काय केलंस?"

"सुई बघतेय."

"सुई? सापडली?"

"नाही."

बाई आरडाओरड करणारी नव्हती. पलंगाच्या कडेवर बसून म्हणाली, "मग नसेल."

"असेल," बानो म्हणाली. "उशा कुठं आहेत?"

उशाही तिनंच शिवल्या होत्या. बाईनं फुलाबाईला खुणावलं आणि दोघींनी मिळून तिच्या हातातली कात्री काढून घेतली. फुलाबाई तिला टांग्यातून घरी घेऊन आली. निरोप साधाच होता. गादी भरून पाठवा, घाई नाही, आणि मुलीला कुणाला तरी दाखवा.

त्या संध्याकाळी घरात मोठं भांडण झालं. फारुख म्हणाला, "अफू खात होती तेव्हा गप्प तरी होती. काम करत होती. थोडी थोडी देत राहू. गावात किती माणसं खातात, मरतात का?"

"नियाजचे हाल बघितलेस ना?" रेहाना म्हणाली.

"नियाजची नाही द्यायची. तिची वेगळी आणू."

नजीरनं रेहानाला विचारलं, "ती डॉक्टरीण कुणाला सांगणार तर नाही ना?"

दुसऱ्या दिवशी तो स्वतः दोघींबरोबर गेला. दवाखान्याच्या पायरीवरच बसला, आत आला नाही. वत्सलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. सहा दिवसांच्या कोंडून ठेवण्याबद्दल त्या खूप बोलल्या. असं एकदम तोडल्यानं अशक्त माणूस दगावतं, म्हणाल्या. मग खुर्ची बानोजवळ ओढून घेतली.

"सुई आहे असं तुला खरंच वाटतं?"

बानोनं विचार केला. "नाहीये, हे मला माहीत आहे. तरी आहे."

"अफू खाल्ल्यावर?"

"असली तरी असू दे, असं वाटायचं."

रेहानाला वाटलं, आता वत्सलाबाई औषध लिहितील. त्या म्हणाल्या, "रेहाना, हे दोन आजार आहेत. अफूचा आपण घालवला, निदान आज तरी. पण हा सुईचा, पहिला, आहे तोवर दुसरा दाराबाहेर उभाच राहणार. तुम्हाला वाटलं अफूनं पोर बिघडली. पोर आधीच आजारी होती, अफू हे तिनं स्वतःच शोधलेलं औषध होतं."

"मग ह्याचं औषध द्या."

"माझ्याकडे नाही. खोटं कशाला सांगू? ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवा असं कुणी सांगेल. मी नाही सांगणार, हिची बुद्धी शाबूत आहे. तिला एकटी ठेवू नका, मारू नका, आणि वेडी म्हणू नका. दर आठवड्याला घेऊन ये. बघू."

रेहानाला हे फार कमी वाटलं. बाहेर आल्यावर नजीरनं विचारलं, "काय म्हणाल्या?" ती म्हणाली, "आजारी आहे म्हणाल्या." नजीरनं मान हलवली. त्या दिवसापासून त्यानं मुलीवर हात उगारला नाही, एवढं खरं.

रेहानानं आपल्या अकलेनं एक उपाय काढला. बानोच्या ऐवजी ती स्वतः गादी तपासू लागली. "मी बघितलं, नाहीये." बानोला बरं वाटायचं, पण घटकाभरच. मग "भाभी, कोपरे बघितलेस?" मग "शपथ घे." महिन्याभरात रेहाना दिवसातून चाळीस वेळा "नाहीये" म्हणू लागली. तिच्या हातची कामं राहू लागली, आणि बानो आणखीच घाबरी झाली. दवाखान्यात रेहाना हे सांगताना रडली. वत्सलाबाईंनाही काही सुचलं नाही.

पुढचं घडलं ते कुणी ठरवून घडवलं नव्हतं. नियाजला गोवर आला. अंगात फणफणून ताप, रेहाना त्याला मांडीवरून खाली ठेवू शकत नव्हती. बानोनं दुपारी एक लहान रजई पुरी केली आणि दारात येऊन उभी राहिली.

"भाभी, बघ ना."

"आत्ता नाही."

"एकदाच."

"बानो, माझं पोर भाजतंय. मी बघणार नाही. तूही उसवायची नाहीस. इथं बस."

बानो बसली. तिनं रेहानाचा पदर दोन्ही मुठींत धरला. तिला घाम फुटला, दात वाजू लागले, ओठ पांढरे पडले. "मरेन मी," ती म्हणाली. रेहाना नियाजच्या कपाळावरची पट्टी बदलत म्हणाली, "बसून मर." कठोर शब्द होते, पण त्या क्षणी तिच्याकडे दुसरे नव्हते. मशिदीत असरची, तिसऱ्या प्रहराची बांग झाली. मग बराच वेळ गेला. सूर्यास्ताची, मगरिबची बांग व्हायच्या आधी रेहानाच्या लक्षात आलं की पदरावरची ओढ सैल झालीय. बानो भिंतीला डोकं टेकून बसली होती.

"काय झालं?"

"कमी झालं," बानो म्हणाली. तिलाच नवल वाटत होतं. "गोळी न घेता कमी झालं."

नियाज गोवरातून उठल्यावर दोघींनी हे मुद्दाम करून पाहिलं. गादी शिवायची, उसवायची नाही, विचारायचं नाही, रेहानानं उत्तर द्यायचं नाही. नुसतं शेजारी बसायचं. पहिले काही दिवस फार वाईट गेले. एकदा बानोनं स्वतःच्या हाताला चावून रक्त काढलं. फारुख म्हणाला, हा छळ आहे. पण दिवसामागून दिवस ती वेळ आखूडत गेली. वत्सलाबाईंनी ऐकलं तेव्हा त्यांनी रेहानाला दोनदा सगळं सांगायला लावलं आणि आपल्या वहीत लिहून घेतलं.

हे सरळ रेषेत झालं असं कुणी समजू नये. कुसाबाई सिन्नरहून परत आली होती. पुढच्या लग्नसराईत काम तुंबलं, नजीर कामासाठी मागे लागला आणि बानो एक दिवस तिच्या दारात जाऊन उभी राहिली. कुसाबाईनं गोळी दिली. "लय दिसांनी आलीस," एवढंच म्हणाली. बानोनं ती तिथंच खाल्ली. घरी येऊन रेहानाला सांगितलं. "आज खाल्ली. उद्या पण खावीशी वाटेल. मला बाहेर जाऊ देऊ नकोस."

रेहाना तडक कुसाबाईकडे गेली.

"माझ्या नणंदेला गोळी द्यायची नाही."

"आता मला काय ठावं, बाय? माणूस मागतं, म्या देते. त्यात काय पाप हाय?"

"पाप नाही म्हणत. पण देऊ नकोस."

कुसाबाईनं मान डोलावली आणि शब्द पाळला. पुढच्या दोन वर्षांत बानोनं आणखी तीनदा अफू खाल्ली. दोनदा गावातल्या सरकारमान्य अफूच्या दुकानाबाहेर कुणाकडून तरी मिळवून, एकदा कुठून ते तिनं सांगितलं नाही. पण तिन्ही वेळा त्याच दिवशी येऊन सांगितलं. रेहानाचा राग त्यातच कधीतरी विरून गेला.

बानो अठरा वर्षांची झाली तेव्हा मालेगावच्या एका विणकराच्या घरून स्थळ आलं. नजीरला फार आनंद झाला. बायका बघायला आल्या. चहा झाल्यावर बानोनं मुलाच्या आईला सगळं सांगून टाकलं, नियाजच्या गोळ्यांसकट. स्थळ मोडलं. नजीर तिच्याशी आठ दिवस बोलला नाही.

"तुला कुणी विचारलं होतं का?" शेवटी तो म्हणाला.

"नाही अब्बा. पण तिथं माझ्याजवळ भाभी नसणार. कुणाला तरी माहीत हवं."

पुढच्या स्थळाच्या वेळी, इगतपुरीच्या स्टेशनात खलाशी म्हणून मजुरी करणाऱ्या मुलाच्या चुलत्याला, नजीरनं स्वतःच सगळं सांगितलं. मुलाचा थोरला भाऊ दारूनं गेला होता. चुलता म्हणाला, "आमच्या घरात हे नवीन नाही," आणि निकाह ठरला.

लग्नानंतरच्या पावसाळ्यात रेहाना चार दिवस इगतपुरीला गेली. नियाज आता चार वर्षांचा झाला होता, त्यालाही घेऊन. पाऊस थांबतच नव्हता. रेल्वेच्या चाळीतल्या एका खोलीत बानो तांदूळ निवडत बसली होती. ती थोडी जाडजूड झाली होती. नवऱ्याला तिनं काय करायचं ते शिकवलं होतं. तिनं सुईचं शंभर वेळा विचारलं तरी त्यानं उत्तर द्यायचं नाही. तो बिचारा कधी चुकून द्यायचा, मग पुढचे दोन दिवस वाईट जायचे.

"वत्सलाबाईंनी विचारलंय," रेहाना म्हणाली. "अफूची आठवण येते का?"

"येते. संध्याकाळी, चूल पेटवताना. रोज नाही, पण येते." बानोनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "खोटं नको सांगूस त्यांना."

"नाही सांगणार."

नियाजला भूक लागली होती. बानोनं तांदूळ धुवायला घेतले आणि रेहाना ओली लाकडं पेटतात का ते बघायला चुलीकडे गेली.